कॉन्टेसा: मूळ इंजिन ठेवावं की इसुझू बसवावं?

हिंदुस्तान मोटर्सची जुनी कॉन्टेसा कार हाती लागली की पहिला प्रश्न इंजिनाचा. सुरुवातीच्या मॉडेलचं १४८९ सीसीचं ठेवायचं, की नंतरच्या मॉडेलमधलं इसुझू या जपानी कंपनीचं १.८ लिटरचं चढवायचं?

मूळ इंजिन अ‍ॅम्बेसेडरच्याच घराण्यातलं. एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्येही हेच कूळ होतं, पण ती गाडी हलकी. इथं ताकद जेमतेम ५० बीएचपी आणि अंग भारदस्त. कन्नडचा घाट चढताना दम लागतो. तरी माझा जीव यातच अडकलाय. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), सीबी पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा स्विच), कार्ब्युरेटर सगळं रविवारी सकाळी स्वतःच्या हातानं करता येतं. शिवाय जालना-परभणीकडच्या जुन्या मिस्त्रींनी जन्मभर अ‍ॅम्बेसेडर खोलल्यात. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं सांगतात. मे महिन्यात इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापून गाडी बंद पडली, तर त्यावर ओलं फडकं ठेवायचं आणि लिंबाच्या सावलीत थोडं थांबायचं.

इसुझूला ८० च्या वर बीएचपी, पाच गिअर. हायवेवर गाडीचं खरं रूप दिसतं, हे मान्यच. पण नुसतं इंजिन बदलून भागत नाही: गिअरबॉक्स, माउंटिंग (इंजिनाचे आधार), प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा), सगळ्याची जुळणी आली. लेथचं काम वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत होईल, पण सुटे भाग शोधताना नाकी नऊ येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते, आरसी बुकावर नोंदही हवीच.

गाडी मुळातच इसुझूची मिळाली, तर मात्र डोळे झाकून घ्या.