पेनड्राइव्हची हरवलेली जागा: डिस्कपार्ट की रूफस?

उबुंटू (लिनक्स) टाकायला वापरलेला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह परत विंडोजला लावला की कधी कधी जेमतेम चार-पाच एमबीचा दिसतो. जागा कुठे गेलेली नसते. आयएसओ (इन्स्टॉलसाठीची फाइल) जशीच्या तशी लिहिली की तिचं पार्टिशन टेबलही (भाग कसे पाडलेत त्याची नोंद) ड्राइव्हवर येतं आणि विंडोजला त्यातला एखादा छोटा तुकडाच वाचता येतो. राइट क्लिक करून फॉरमॅट मारलं, तर फॉरमॅट होतो तोही तेवढा तुकडाच. जुनं टेबल पुसायला हवं. त्यात ड्राइव्हवरचं सगळं जातं, हे आधीच धरून चला.

विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट आधी उघडून बघा. 'डिलीट व्हॉल्यूम' दाबता आलं तर काम झालं. पुष्कळदा ते पुसटच असतं.

डिस्कपार्ट, म्हणजे विंडोजमधलंच कमांड टाइप करून चालवायचं साधन, मात्र सहसा अडत नाही. वेगळं काही उतरवावं लागत नाही: लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, मग नवं पार्टिशन आणि फॉरमॅट. भीती आहे ती दुसऱ्या पायरीची. २ च्या जागी १ टाइप झाला, तर 'क्लीन' काही न विचारता दुसऱ्याच डिस्कचं टेबल उडवतं. म्हणून नंबरावर नाही, समोरच्या साइझवर बोट ठेवायचं. आणि 'क्लीन ऑल'च्या वाटेला जाऊ नका; ते अख्ख्या ड्राइव्हवर शून्यं लिहीत बसतं आणि इथे त्याचा उपयोग शून्य.

रूफस हा पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा प्रोग्राम फुकट आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही. बूट सिलेक्शनमध्ये 'नॉन बूटेबल' निवडून स्टार्ट दाबायचं. तो आपणहून यूएसबी हार्ड डिस्कसुद्धा यादीत दाखवत नाही, त्यामुळे घरच्यांच्या फोटोंची डिस्क चुकून पुसली जायची धास्ती कमी. काळ्या खिडकीत टाइप करायची सवय नसेल तर मी डोळे झाकून रूफसच सांगेन. मॅकवर डिस्क युटिलिटीत 'शो ऑल डिव्हाइसेस' करून पेनड्राइव्हच्या ओळींतली सगळ्यात वरची ओळ इरेज करा.

फॉरमॅट निवडताना एक्सफॅट घ्या. गाडीच्या जुन्या स्टिरिओला लावायचा असेल तरच फॅट३२. त्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही.

एवढं करून ३२ च्या जागी २९ च्या आसपास दिसले तर तक्रार नको. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. पण चार-पाचशे रुपयांत '२ टीबी' मिळाला असेल, तर खरी जागा किती ते तपासणाऱ्या एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने आधी तपासा. खोट्या ड्राइव्हमध्ये मुळात नसलेली जागा यातलं कुठलंच साधन आणून देणार नाही.