कॅमेरा आमच्या घरात, मालकी त्याच्या मोबाइलवर

माझी आई सांगलीत एकटी राहते. वय ७८. सकाळी सात ते दुपारी दोन कामाच्या मावशी असतात, संध्याकाळी शेजारचे काका डोकावून जातात आणि उरलेल्या वेळी मी पुण्याहून फोन करत राहते. गेल्या जूनमध्ये तिला आठवड्यात दोनदा चक्कर आली. तेव्हा दादाने आणि मी ठरवलं की बाहेरच्या खोलीत एक कॅमेरा लावायचा. तिची झोपायची जागाही त्याच खोलीत, खिडकीखालच्या दिवाणावर. आई आधी तयार नव्हती. "मला कोणी सारखं बघत बसलेलं नको," म्हणाली. मी तिला शब्द दिला की आई, मी आणि दादा सोडून कोणी बघणार नाही. हा शब्द मी पाळू शकले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

कॅमेरा बसवणारा माणूस काकांनी सुचवला. कॉलनीत त्याने आणखी दोन घरांत कामं केली होती, बोलायला गोड होता. "काय काळजी करू नका ओ ताई, सगळं मी लावून देतो, तुम्ही फक्त मोबाइलवर बघायचं." कॅमेऱ्याचे ३,२०० रुपये, रेकॉर्डिंग साठवायच्या १२८ जीबी मेमरी कार्डाचे ९००, फिटिंगचे ६०० आणि 'वर्षाच्या ॲप'चे १,२००. एकूण ५,९००. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वाढेल, चिठ्ठीवर लिहून देतो. पैसे मात्र मी यूपीआयने पाठवले आणि पुढे तेवढाच पुरावा हाताशी राहिला.

त्या दिवशी मी सुट्टी काढून सांगलीला गेले होते. तासाभरात काम झालं. दारासमोरचा कोपरा त्याने निवडला, कारण प्लग तिथेच होता. कॅमेरा अगदी छताला टेकवून लावला. माझा फोन मागून घेतला, ॲप टाकलं, खटाखट दोन-तीन परवानग्या दिल्या आणि "हे बघा ताई, दिसतंय का?" म्हणून फोन परत दिला. दिसत होतं. पाच मिनिटांपूर्वीचं रेकॉर्डिंगही त्याने उघडून दाखवलं. मी खूश होऊन पुण्याला परतले.

पहिल्याच आठवड्यात सूचनांचा भडिमार सुरू झाला. दिवसाला दीडशे-दोनशे वेळा फोन वाजायचा, 'हालचाल आढळली'. छताजवळून पाहणाऱ्या त्या कॅमेऱ्याला निम्म्या चित्रात फिरणारा पंखाच दिसत होता आणि असा स्वस्त कॅमेरा चित्रात काही बदललं की त्याला हालचाल समजतो. दिवसा दिवाणामागची खिडकी समोर येई, त्यामुळे आई म्हणजे नुसती काळी आकृती. रात्री तर चित्राची डावी बाजू पांढरी फटक आणि बाकी खोली काळोखात. मी त्याला फोन केला. "नाइट व्हिजन असंच असतं ताई." मी विश्वास ठेवला आणि सूचना बंद करून टाकल्या. तेवढं मात्र मी करायला नको होतं.

नोव्हेंबरमध्ये एके दिवशी सकाळी सातला मावशींचा फोन आला. आई जमिनीवर पडलेली होती, शुद्धीत होती, पण उठता येत नव्हतं. पहाटे कधीतरी पाणी प्यायला उठली आणि पडली. मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: चक्कर येऊन पडल्या की पाय अडकून? चक्कर असेल तर हृदयाच्या, रक्तदाबाच्या तपासण्या वेगळ्या कराव्या लागतात. आईला आठवत नव्हतं. मी म्हटलं, थांबा, आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे.

ॲपमध्ये त्या रात्रीची निळी पट्टी सलग दिसत होती. दाबलं की नुसतं चक्र फिरायचं. आदल्या दिवशीचं तेच, त्याच्या आदल्या दिवशीचंही तेच. दवाखान्याच्या बाकावर बसून मी एकेक तारीख उघडत गेले आणि पाच महिन्यांत आमच्याकडे काहीच साठलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं.

इंजिनीअरिंगला असलेल्या भाच्याने ते कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कार्ड पूर्ण भरून लिहितं आणि लिहिलेलं परत वाचून बघतं. काही तास लागतात. निकाल आला: कार्ड १२८ जीबी असल्याचं सांगतं, प्रत्यक्षात जागा ८ जीबीच्या आत. अशा कार्डाच्या आतला प्रोग्राम बदलून त्याला खोटं बोलायला लावलेलं असतं. कॅमेरा लिहीत राहतो, कार्ड 'हो, लिहिलं' म्हणत राहतं आणि खऱ्या जागेपलीकडचं सगळं हरवतं. सेकंदाला साधारण १ मेगाबिट या वेगाने रेकॉर्डिंग झालं तर दिवसाला १०-११ जीबी लागतात. म्हणजे आमचं कार्ड पहिला एक दिवसही धड पुरलं नव्हतं. बसवल्यावर पाच मिनिटांनी दाखवलेलं रेकॉर्डिंग अगदी खरं होतं, आणि म्हणूनच मी फसले.

कार्डाचे पैसे गेले, हे मी गिळलं असतं. पुढचं गिळता येत नाही.

कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलावा म्हणून भाच्याने ॲपच्या सेटिंग्ज उघडल्या, तर तो पर्यायच नव्हता. 'फक्त मालकाला परवानगी.' खाली मालकाचा नंबर, मधले आकडे झाकलेले, शेवटचे तीन मात्र चिठ्ठीवरच्या त्याच्या नंबरचे. कॅमेरा त्याने स्वतःच्या खात्यावर नोंदवला होता आणि मला फक्त 'शेअर' केला होता. आईच्या घराच्या कॅमेऱ्यात मी पाहुणी होते आणि तो मालक होता. तो कधीही, कुठूनही आत बघू शकत होता, आवाज ऐकू शकत होता, कॅमेरा फिरवू शकत होता. त्याने केव्हा बघितलं हे मला कळायची सोयच नव्हती.

मागचा रीसेट दाबून बघितला. नव्याने जोडायला गेलो तर 'हे डिव्हाइस दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे' असा संदेश. जुन्या मालकाने स्वतः काढल्याशिवाय ते सुटत नव्हतं.

आणि तेव्हा मला सप्टेंबर आठवला. आई फोनवर सहज म्हणाली होती, "आज दुपारी कॅमेरा माझ्याकडे वळला गं. तू बघत होतीस ना? मी हात केला तुला." मी त्या वेळी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. वाटलं, आपोआप वळला असेल, किंवा दादाने फिरवला असेल. दादाला आता विचारलं, तर त्याने कधीच फिरवला नव्हता. माणसामागे आपोआप वळायची सोय त्या कॅमेऱ्यात होती, त्यामुळे तो माणूसच बघत होता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण माझ्या आईने केस विंचरताना थांबून कोणाला हात केला, हे मला आजही माहीत नाही.

त्याला फोन केला, तर आवाजात जराही अपराध नव्हता. "ताई, सर्व्हिसला सोपं जातं म्हणून आमच्या आयडीवरच करतो. सगळ्यांचंच तसं आहे." आणि १,२०० रुपयांचं ते 'ॲप'? ते ॲप फुकट आहे. त्याने आमच्याकडून पैसे घेतले ते कॅमेऱ्याची मालकी स्वतःकडे ठेवण्याचे, दुसरं काही नाही.

तुमच्याकडे असं निघालं तर आधी मालकाचा नंबर दिसणाऱ्या पडद्याचे स्क्रीनशॉट घ्या, मग प्लग काढा. रीसेट नंतर. आम्ही रीसेट आधी दाबला. नशिबाने भाच्याने त्याआधीच फोटो काढून ठेवले होते. वाय-फायचा पासवर्ड त्याला माहीत असतो, तो बदला आणि राउटरच्या सेटिंग्जमध्ये शिरायचा वेगळा पासवर्ड असतो, तोही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या उपकरणात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येणारा विषय आहे. खाजगी अवस्थेतलं चित्रण झालं असेल तर कलम ६६ई आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेले. ठाण्यातून फोन गेला तसा त्याने दहा मिनिटांत कॅमेरा आपल्या खात्यातून काढला.

पैशांसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. १,२०० परत आले, बाकीचे द्यायला तो तयार नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि घटनेपासून २ वर्षांची मुदत असते, म्हणून अर्ज तयार करते आहे. पक्कं बिल असतं तर हे काम किती सोपं झालं असतं! खोक्यावर एका कंपनीचं नाव, कॅमेऱ्यावर कसलंच नाही, हेही मी तेव्हा बघितलं नव्हतं. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, कॅमेऱ्यावर 'आर'ने सुरू होणारा नंबर असतो आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी आणि वस्तू कोणती ते दिसतं. एप्रिल २०२५ पासून सुरक्षेची चाचणीही त्या नोंदणीचा भाग झाली आहे. आमच्या कॅमेऱ्यावर नंबरच नव्हता.

दुसरा कॅमेरा लावायचा की नाही, हे आम्ही आईवर सोडलं. तिने दोन दिवस घेतले आणि एका अटीवर हो म्हणाली: तिला नको असेल तेव्हा तिच्या हाताने बंद करता आला पाहिजे. म्हणून भिंगावर पडदा ओढून घेणारा कॅमेरा शोधला, त्याचा प्लगही तिच्या हाताला येईल अशा बटणावर घेतला. खोकं मीच उघडलं, खातं माझ्या नंबरवर काढलं, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली आणि मगच दादाला शेअर केला. नवं कार्ड कॅमेऱ्यात घालण्याआधी रात्रभर तपासलं.

कोपरा बदलला. आता खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी आहे, उजेड आईच्या चेहऱ्यावर पडतो. उंची सात फूट, त्यामुळे पंखा चित्रात येत नाही आणि नुसता डोक्याचा माथाही दिसत नाही. रात्रीच्या पांढऱ्या फटक चित्राचं कारणही कळलं: कॅमेऱ्याचा अदृश्य प्रकाश शेजारच्या ऑइलपेंटच्या भिंतीवर आपटून भिंगात परत येत होता आणि त्या झगझगाटाला जुळवून घेताना कॅमेरा बाकी खोली काळी करत होता. ब्रॅकेट भिंतीपासून चार बोटं पुढे आणलं, तोंड खोलीकडे तिरकं केलं, आता अंधारात दिवाणापासून मोरीच्या दारापर्यंत सगळं स्वच्छ दिसतं. भोक पाडणाऱ्या इलेक्ट्रिशियनने एक चांगली गोष्ट सांगितली: स्विचबोर्डच्या सरळ वरच्या रेषेत ड्रिल मारायचं नाही, भिंतीतली वायर बहुधा तिथूनच वर गेलेली असते. वायर खोक्यातलीच वापरली. आधीच्याने पाच मीटरची बारीक वायर जोडली होती, तिच्यात वीज कमी पडून कॅमेरा मधूनमधून बंद होऊन चालू व्हायचा.

आईचं मनगट भरून आलं. ती का पडली, याचं उत्तर नाही मिळालं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. कॅमेरा वळला की ती अजून फोन करते, "तूच आहेस ना गं?" मी बघत असले तरच हो म्हणते.

कॉलनीतल्या त्या दोन घरांत मी काकांना घेऊन गेले. एका घरी तर मालकाच्या जागी त्याचाच नंबर निघाला, त्यांनी आमच्यासमोर प्लग काढला. दुसऱ्या घरी कॅमेरा सुनेच्या बाळंतपणाच्या खोलीत आहे, पाळण्यावर रोखलेला. घरातले बाहेर होते आणि आजींना ॲप उघडता येत नव्हतं. मी त्यांच्याकडून एक टॉवेल मागून घेतला आणि तो कॅमेऱ्यावर टाकून आले. मुलगा रात्री घरी आला की फोन करणार आहे.