प्रॉडक्ट ऑपरेशन्सची भरती: असाइनमेंट घरी द्यावी की काम समोर करून घ्यावे?

प्रॉडक्ट ऑपरेशन्सच्या, म्हणजे प्रॉडक्ट बनवणाऱ्या आणि सपोर्ट देणाऱ्या टीम्सचे काम जुळवून ठेवणाऱ्या पदाच्या मुलाखतीत पहिल्या आणि शेवटच्या फेरीवर फारसा वाद होत नाही. घोडे अडते ते मधल्या फेरीपाशी, म्हणजे उमेदवाराला घरी असाइनमेंट द्यावी की तासाभराचे काम समोर करून घ्यावे, या प्रश्नावर.

असाइनमेंटमध्ये लेखन आणि मांडणी नीट पारखता येते, आणि दडपणाखाली गडबडणाऱ्या उमेदवारावर अन्याय होत नाही. मात्र दोन तासांचे म्हणून दिलेले काम कोणी दोन दिवस घासूनपुसून आणतो, तर दिवसभर नोकरी करून रात्री बसणारा मागे पडतो. शिवाय हाती येते ते तयार उत्तर. तिथवर तो कसा पोहोचला, हे कळत नाही.

समोरच्या कामासाठी ग्राहकांच्या चाळीस तक्रारींची एक शीट पुरते: तारखा दोन पद्धतींनी लिहिलेल्या, एक तक्रार दोनदा नोंदलेली, आणि ‘पेमेंट अडकले’ व ‘पैसे कापले, ऑर्डर नाही’ अशी बहुधा एकाच बिघाडाची दोन वर्णने. काही उमेदवार लगेच पिव्होट टेबल (नोंदींची गटवार बेरीज दाखवणारा तक्ता) काढतात. काही आधी विचारतात, की ही नोंद सपोर्टने केली की ग्राहकाने स्वतः? मला दुसरे हवे असतात, कारण या पदावर निम्मे काम इंजिनिअरिंग आणि सपोर्ट यांच्यामधला घोळ निस्तरण्याचेच असते.

तरीही अशा समोर करून घेतलेल्या नमुना-कामावर सगळी भिस्त ठेवू नये. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांच्या भरतीच्या पद्धतींवरील 1998 च्या आढाव्यात पुढील कामगिरीशी त्याचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.54 होता आणि ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा 0.51, सॅकेट व सहकाऱ्यांच्या 2022 च्या फेरमांडणीत हेच आकडे 0.33 आणि 0.42 झाले, तर मोकळ्या गप्पांची मुलाखत 0.19 वर राहिली. म्हणून समोरच्या कामानंतर सर्वांना तेच चार-पाच प्रश्न विचारावेत आणि परीक्षकांनी आपसांत बोलण्याआधी आपापले गुण लिहून टाकावेत. एकदा वरिष्ठाने ‘मुलगा चांगला वाटला’ म्हटले, की बाकीचे आकडे त्याच दिशेला सरकतात.

पदाचे मुख्य काम रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीतील बदलांची टिपणे) आणि प्रक्रियांचे दस्तऐवज लिहिण्याचे असेल, किंवा टीम वेगवेगळ्या वेळांत काम करत असेल, तर मात्र असाइनमेंटच घ्यावी, आणि उमेदवाराने लिहिलेल्यातलाच एखादा परिच्छेद पुढे ठेवून त्यावर अर्धा तास चर्चा करावी.