एनसीएसई : ‘इंग्लिश वुमन्स जर्नल’ वाचायला उत्तम, शोधायला कच्चे

‘नाइन्टीन्थ सेंच्युरी सिरियल्स एडिशन’ (एनसीएसई) या मोफत संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातली सहा ब्रिटिश नियतकालिके मूळ पानांसह वाचता येतात. त्यातले ‘इंग्लिश वुमन्स जर्नल’ हे स्त्रियांच्या कामाच्या आणि हक्कांच्या प्रश्नांना वाहिलेले मासिक बेसी रेनर पार्क्स आणि बार्बरा बोडिशॉन यांनी मार्च 1858 मध्ये लंडनमध्ये सुरू केले. किंमत एक शिलिंग. ते ऑगस्ट 1864 पर्यंत चालले.

पानांच्या प्रतिमा वाचनीय आहेत. खरी अडचण शोधखिडकीत आहे. शोध चालतो तो यंत्राने वाचलेल्या मजकुरावर. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द किंवा पुसट खिळा (छपाईचे अक्षर) असला की नोंद हातची निसटते. त्यात ‘फेमिनिझम’ टाकून काही मिळणार नाही, तेव्हा तो शब्द चलनातच नव्हता. ‘गव्हर्नेस’ (घरी राहून मुलांना शिकवणारी), ‘नीडलवुमन’ (शिवणकाम करणारी), ‘कंपॉझिटर’ (खिळे जुळवणारा किंवा जुळवणारी) असे त्या काळचे व्यवसायवाचक शब्द इंग्रजीत टाका. लेखिकेच्या नावाने शोधणेही बेभरवशाचे, कारण बरेच लेख निनावी किंवा नुसत्या आद्याक्षरांचे आहेत, ‘बी. आर. पी.’ म्हणजे पार्क्स.

म्हणून शोध बाजूला ठेवून अंक सलग चाळावा. एका खंडात सहा अंक, असे एकूण 13 खंड. खंड मार्च आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात. जानेवारी 1860 चा अंक हवा असेल तर तो चौथ्या खंडात, कारण तो सप्टेंबर 1859 ला सुरू झाला. वर्षावरून खंड ठरवायला गेलात की हमखास चुकता. एमिली फेथफुल यांनी मार्च 1860 मध्ये व्हिक्टोरिया प्रेस काढला. तिथे खिळे जुळवायला बायका होत्या आणि हे मासिकही तिथेच छापले जाऊ लागले. त्यामुळे पाचव्या खंडापासूनची पाने त्या नजरेने जरूर पाहावीत.

अंकाच्या शेवटची पाने मात्र सोडू नका. तिथल्या ‘ओपन कौन्सिल’ सदरात वाचकांची पत्रे आहेत. बायकांनी कुठली कामे करावीत, मजुरी किती असावी, यावर त्यात उघड वाद चालतो. अग्रलेखांपेक्षा स्त्रियांच्या चळवळीची नाडी इथे जास्त कळते, असे आमचे ठाम मत आहे.

स्त्रियांच्या मताधिकाराचा शोध घ्यायला मात्र ही जागा अपुरी आहे. मताधिकार मागणारा बायकांच्या सह्यांचा अर्ज खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांनी संसदेत मांडला तो 1866 मध्ये, मासिक बंद पडल्यावर. पुढचे ‘इंग्लिश वुमन्स रिव्ह्यू’ आणि लिडिया बेकर यांचे ‘वुमन्स सफ्रेज जर्नल’ या संग्रहात नाहीत; त्यांच्यासाठी दुसरे ग्रंथालय गाठावे लागेल.