गॉली: पाच पेशी आणि गेलेली दुपार

संकुल प्रणाली (अनेक साध्या घटकांच्या परस्परक्रियेतून घडणाऱ्या व्यवस्था) हाच माझा अभ्यासविषय, तरी गॉली उघडलं की दुपार गेलीच म्हणून समजा. गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या १९७० च्या ‘लाइफ’ खेळासाठीचं हे फुकट सॉफ्टवेअर; खेळात चौकटींच्या जाळीवरच्या पेशी शेजारच्या जिवंत पेशींच्या संख्येनुसार दर पिढीला जगतात, मरतात किंवा जन्मतात. आर-पेंटोमिनो ही सुरुवातीची आकृती टाकून बघा: जेमतेम पाच पेशी, पण स्थिरावायला १,१०३ पिढ्या! नियमांत ‘सरक’ असं कुठेही लिहिलेलं नाही, तरी त्यातून ग्लायडर नावाच्या छोट्या आकृत्या सुटतात आणि दर चार पिढ्यांनी एक घर तिरपे सरकतात. उद्भव (साध्या नियमांतून अनपेक्षित वर्तन उगवणं) म्हणजे काय, हे माझ्या दहा स्लाइड्सपेक्षा इथे लवकर कळतं. (विद्यार्थीही तेच म्हणतात, जरा जास्तच आनंदाने.) गॉलीतली हॅशलाइफ ही गणनपद्धत पुन्हापुन्हा येणारे तुकडे लक्षात ठेवून कोट्यवधी पिढ्या ओलांडते, विस्कळीत आकृतीवर मात्र अडखळते, तिथे क्विकलाइफ ही दुसरी पद्धत निवडावी. गॉली दिसायला जुनाट आहे. मला चालतं.