टीपॉयवर काय घालावं: क्रोशाचा रुमाल की कशिद्याचा?

आमच्या बेळगाव भागातल्या मराठी घरांत हाताने काहीतरी करायचं मनात आलं की दोन वाटा समोर असतात. क्रोशाची वाट घरातल्या आत्त्या-मावश्यांकडून येते आणि कशिद्याची, म्हणजे धागे मोजून घालायच्या कानडी कसुतीची, बहुतेक वेळा शेजारच्या कानडी घरातून. रुखवताच्या तयारीला लागलेल्या मुली, नुकत्याच निवृत्त झालेल्या वहिनी, क्वचित एखादा माझ्यासारखा पुरुष, सगळे इथेच अडतात. मी दोन्ही करून पाहिलंय. आता माझ्या हातात सुई दिसली तर गल्लीत कुणी वळून बघत नाही. साखळी आणि खांब हे क्रोशाचे टाके ज्यांना ठाऊक आहेत आणि शाळेत धावदोरा ज्यांनी घातलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय, म्हणून अगदी मुळापासून सांगत बसत नाही.

आधी दिसण्याचं बोलू, कारण निवड बहुतेकदा तिथेच होते. क्रोशाच्या रुमालात निम्मं काम भोकांचं असतं. सागवानी टीपॉयवर पांढरा रुमाल टाकला की जाळीतून लाकडाचा रंग वर येतो, आणि तोच रुमाल काचेवर टाकला तर फिका पडतो. म्हणून खाली काय आहे ते बघून मग दोरा निवडावा. कशिद्याला हा प्रश्न नाही. त्याचं कापड भरीव, रंग स्वतःचे. गोपूर, रथ, तुळशीवृंदावन, पाळणा, हत्ती, मोर अशी आकृती लांबूनही ओळखू येते. पाहुण्याने चहाची बशी ठेवली तरी कशिदा सपाट राहतो, तर क्रोशावर कप जरासा तिरका बसतो. हे खरं आहे, नाकारत नाही.

पण क्रोशाचं एक वेगळंच आहे. त्यात माणसाचा हात दिसतो. आमच्याकडे एक मोठा टेबलक्लॉथ आहे, आई आणि दोन आत्तींनी मिळून केलेला. प्रत्येकीने आपापले चौकोन करायचे आणि शेवटी सगळे जोडायचे, असं ठरलं होतं. दोरा एक, सुई एकाच मापाची, नमुनाही एकच. तरी थोरल्या आत्तीचे चौकोन लहान झाले, कारण तिचा हात घट्ट. आईचा हात सैल, तिचे चौकोन पसरट. जोडताना धाकट्या आत्तीने थोरलीच्या चौकोनांना एक फेरी जास्त विणली आणि मापं जुळवली. आज तिघींपैकी कोणाचा चौकोन कुठला हे मी डोळे मिटून बोट फिरवून सांगू शकतो. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाच्या लेसवर कितीतरी घरं तगली, तिथेही कामाची रीत हीच होती. कुणी फुलं विणायची, कुणी पानं, आणि शेवटी एकजण ती जाळीने सांधायची. कशिद्यातही हात ओळखता येतो म्हणतात. शेजारच्या अक्कांना येतोच. मला मात्र तिथे नमुना दिसतो, माणूस दिसायला वेळ लागतो.

आईच्या काळी घरात रुमाल नाही अशी वस्तू नव्हती. रेडिओवर होता, पुढे टीव्हीवर आला, ट्रंकेवर, आरामखुर्चीच्या पाठीवर. त्यातला खरोखर कामाचा एकच, दुधाच्या भांड्यावरचा. कडेला काचेचे मणी ओवलेले, म्हणजे वाऱ्याने उडत नाही, माशी आत जात नाही आणि दूधही कोंडत नाही. बाकीचे शोभेचेच, पण शोभेचे म्हणून कुणी त्यांना कमी लेखलं नाही. अननसाचं डिझाइन असलेला गोल रुमाल रुखवतात ठेवला की मुलीकडच्या बायकांची मान ताठ व्हायची.

शिकायला सोपं कुठलं? इथे लोक पटकन क्रोशाचं नाव घेतात. मला तितकंसं पटत नाही. सुरुवातीचे दिवस कशिदा सोपा वाटतो, कारण कापड हातात तयार असतं आणि टाका सरळ. क्रोशात आधी काहीच नसतं, दोऱ्यातून कापडच तयार करायचं. गोल रुमाल सपाट बसायला हिशेब लागतो. पहिल्या फेरीत बारा खांब असले तर दर फेरीला साधारण बारा वाढवायचे. वाढ कमी पडली की रुमालाची टोपी होते, जास्त झाली की झालर. हे एकदा अंगवळणी पडलं की पुढे पुस्तक लागत नाही, पण तोवरचे रुमाल कुणाला दाखवण्यासारखे नसतात. कशिद्याला टाके चारच: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. गवंती म्हणजे जाता-येता घातलेला दुहेरी धावदोरा, मुर्गी पायऱ्यांसारखी, नेगी विणल्यासारखी भरीव, मेंथी म्हणजे फुलीचा टाका. गाठ कुठेच मारायची नाही. गवंती आणि मुर्गी नीट घातली तर कापड उलटं की सुलटं ते कळत नाही. टीपॉयवरच्या रुमालाला याचा फायदा काय, असं कुणी विचारेल. फारसा नाही. साडीच्या पदराला आहे, कारण पदर दोन्ही बाजूंनी दिसतो. कशिद्याचं खरं घर इरकली साडीचा पदर आणि खणाची चोळी हेच, टीपॉय नव्हे.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, तिच्याकडे येतो. ती म्हणजे उसवणं.

कशिदा कापडावर छापून घेत नाहीत. कापडाचे धागे डोळ्यांनी मोजायचे आणि टाका घालायचा. गवंतीत जाताना एक टाका वर, एक खाली असं रिकाम्या जागा सोडत जायचं, वाटेत फांद्या फुटतील त्या तिथल्या तिथे करून यायचं, आणि परतताना त्या रिकाम्या जागा भरायच्या. रचना फार सुंदर आहे, पण तिच्यात एक मेख आहे. जाताना कुठेतरी चारऐवजी पाच धागे उचलले, तर त्या क्षणी काहीच बिघडलेलं दिसत नाही. ते दिसतं गोपुराच्या डाव्या पायऱ्या उजव्या पायऱ्यांना भेटायला येतात तेव्हा. तोवर कळस झालेला असतो, बाजूचा मोर अर्धा झालेला असतो, आणि जुळणारी ओळ एका धाग्याने हुकते. एकच धागा. न मोजणाऱ्याला तो दिसणारही नाही, पण घालणाऱ्याला त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

मग उसवायचं. गाठ नाही म्हणून दोरा सरकन ओढता येतो असं नाही, कारण त्याचं टोक मागच्या टाक्यांतून अडकवून आणलेलं असतं. सुईच्या मागच्या बाजूने एकेक टाका उचलायचा, दोरा बाहेर काढायचा, पुन्हा पुढचा. लाल दोरा असेल तर कापडात लाल तूस राहतं. मॅटीचं, म्हणजे मोकळ्या विणीचं सुती कापड असेल तर धुतल्यावर भोकं मिटतात, पण पॉलिएस्टरच्या साडीवर ती तशीच राहतात, जन्मभर दिसतात. त्यात हल्लीचं गिरणीचं कापड. त्याच्या उभ्या आणि आडव्या धाग्यांची दाटी सारखी नसते, म्हणून मोजून बरोबर घातलेला रथही बुटका दिसतो. तिथे तर तुमच्या हाताची चूकसुद्धा नसते, आणि उसवून उपयोगही नसतो.

शेजारच्या अक्का अर्धं कानडी अर्धं मराठी बोलत शिकवायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: आधी मोज, मग घाल, म्हणजे उसवावं लागत नाही. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं. पुढच्या खोलीतल्या लोकांशी बोलता बोलता त्यांचे डोळे धागे मोजायचे. माझे डोळे तसे नाहीत. दाराची बेल वाजली, फोन आला, की माझी मोजणी गेली.

क्रोशात हेच झालं तर? सुई काढायची आणि दोरा ओढायचा. बिघडलं होतं तिथवर सगळं सरसर सुटत येतं आणि दोरा परत गुंड्यावर जातो. चूक लपूनही राहत नाही. अननसाची कमान चुकली की फेरी पुरी होतानाच टोकं जुळत नाहीत, फार तर पुढच्या फेरीत कळतं. हा सुटेपणा दुसऱ्या बाजूने नडतो, हेही सांगायला हवं. काम अर्धवट ठेवताना शेवटच्या फासात सेफ्टी पिन अडकवली नाही तर नातवंडं एका झटक्यात फेरीच्या फेरी मोकळी करतात. आणि बारीक दोरा पुनःपुन्हा उसवला की त्याची चमक जाते, तो पिंजारतो. तरीही मला विचाराल तर ज्या कामात मागे फिरता येतं, त्या कामाला मी घाबरत नाही. कशिद्यापुढे बसताना माझा खांदा आखडायचा, क्रोशापुढे आखडत नाही. मापाने सिद्ध करता येणार नाही, पण माझ्यापुरतं एवढं पुरलं.

क्रोशाचे जाच आहेत, आणि आमच्या हवेत ते जास्त बोचतात. रुमाल धुतला की गोळा होतो. त्याला खळ द्यायची, ओला असतानाच पाटावर किंवा थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून बसवायचा आणि तसाच वाळू द्यायचा. कशिद्याला एक इस्त्री पुरते, तीही उलट बाजूने. बेळगावात जुलै-ऑगस्टमध्ये ऊन म्हणजे नशिबाची गोष्ट, आणि खानापूरकडे तर त्याहून बिकट. अशा हवेत खळ दिलेला रुमाल मऊ पडतो, कधी बुरशी धरतो. साखरेच्या पाण्याचा सल्ला कुणी दिला तर मुंग्यांचा विचार करून ठेवा. आमच्याकडे पावसाळ्याआधी सगळे रुमाल रिठ्याच्या पाण्यात धुऊन, खळ पूर्ण काढून, घडी न घालता गुंडाळी करून ठेवतात. खळीसकट ठेवले तर कसर लागते आणि घडीवर पिवळी रेघ उमटते. हे सगळं वर्षातून एकदा करायचं काम आहे. उसवणं मात्र दर बैठकीला समोर उभं असतं.

डोळ्यांचा मुद्दा चाळिशीनंतरच्यांनी जरूर लक्षात घ्यावा. काळ्या चंद्रकळेवर कशिदा घालायला दिवसाचा उजेड लागतो, तोही खिडकीतला. वीज गेली की काम संपलं. क्रोशाचा बराचसा भाग बोटांना कळतो. निपाणीमार्गे कोल्हापूरला जाताना बसमध्ये मी विणतो, बातम्या बघताना विणतो. कशिदा बसमध्ये काढणारं माणूस मी अजून बघितलं नाही, असेलही कुठे.

विकत का घेऊ नये, असंही कुणी म्हणेल. जरूर घ्या, फक्त काय घेताय ते बघून घ्या. बेळगावच्या खडेबाजारात, गणपत गल्लीत जाळीदार रुमाल ढिगाने मिळतात. त्यातले बहुतेक यंत्राचे. लांबून ते क्रोशासारखे दिसतात, पण वीण वेगळी असते. हुकाने एकातून एक फास ओढत नेणं आजही हातानेच होतं. रुमाल उलटा करून खांबाची उभी शीर चाचपली की फरक कळतो. खरंच हाताचं हवं तर आंध्रातल्या नरसापूरची क्रोशे लेस बघा. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात त्या गोदावरी भागात हे काम शिकवलं, आणि आता तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आमच्या बाजूच्या कसुतीला ते आहेच, त्यामुळे मानांकनावरून निवड होणार नाही.

तर कुणी काय घ्यावं? घरात चांगली इरकली साडी पडून असेल, शेजारी मोजून घालणाऱ्या अक्का असतील आणि तुमचा स्वभाव एकदा बसलं की उठायचं नाही असा असेल, तर कशिदाच घ्या. साडीवर तो जसा खुलतो तसं क्रोशाचं काहीच खुलत नाही. दोऱ्याची सहापदरी लडी येते, तिचे दोनच पदर वापरा. रुखवताला दोन्ही ठेवायचे असतील तर कशिद्याची एकच लहान चौकट करा, बाकी क्रोशाला राहू द्या.

टीपॉयसाठी, दुधाच्या भांड्यासाठी, किंवा अधूनमधून उठून कुकर बंद करावा लागतो अशा माणसासाठी मी क्रोशाच सुचवेन. मर्सराइज्ड सुती दोरा घ्या. जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याचा परिणाम शोधला. पुढे १८९० च्या सुमारास सोड्यात असतानाच सूत ताणून धरायची युक्ती निघाली आणि दोऱ्याला आजची चमक आली. आपल्या आज्यांच्या रुमालांवरची चकाकी तिथली. अ‍ॅक्रिलिकची लोकर स्वस्त आणि रंगीत मिळते, पण तिचा रुमाल खळ धरत नाही आणि भांड्यावर लोळतो. दोऱ्याचा नंबर जेवढा मोठा तेवढा दोरा बारीक, म्हणून एकदम चाळीस नंबर घेऊ नका, वीसपासून सुरू करा. त्याला साधारण सव्वा मिलिमीटरची स्टीलची सुई बरी पडते. हात घट्ट असेल तर थोडी जाडी घ्या. पहिला रुमाल दुधाच्या भांड्याचाच करा. तो लहान असतो, मण्यांच्या वजनाने आपोआप खाली बसतो, त्याला खळ लागत नाही, आणि पावसाळ्यातही सुरू करता येतो.