न्यूट्रलमध्येच सुरू होणारी गाडी: वायर डायरेक्ट करायची की स्विच बदलायचा?

कुंभार्ली घाटात, भर पावसात, पुढचा ट्रक वळणावर थांबला आणि माझी मोटरसायकल दुसऱ्या गिअरमध्ये बंद पडली. मागे बायको, दोघांच्या मध्ये बॅग. क्लच दाबून सेल्फ मारला, तर काहीच नाही, साधा टक आवाजही नाही. दोन महिने हेच चाललं होतं. गिअरमध्ये सुरू व्हायची नाही, पण न्यूट्रल करून हिरवा दिवा लागला की एका बटणात सुरू. चिपळूणच्या सपाट रस्त्यावर मी ते चालवून घेत होतो. घाटात मात्र चालवून घेता येत नाही, हे त्या चढावर कळलं.

ज्यांची गाडी अशी अडते, त्यांच्यापुढे साधारण तीन वाटा असतात: आहे तसंच चालू ठेवायचं, गॅरेजमध्ये वायर डायरेक्ट करून घ्यायची (म्हणजे स्विच वगळून त्याच्या वायरी थेट जोडायच्या), किंवा स्विच बदलायचा. पण त्याआधी दोष नेमका कुठे आहे ते बघायला हवं, कारण एका दोषाला जो उपाय चालतो तो दुसऱ्याला जिवावर बेतू शकतो.

बहुतेक गाड्यांत सेल्फला करंट मिळायला दोन रस्ते असतात. एक न्यूट्रल स्विचमधून. दुसरा क्लचच्या दांड्याखालचा छोटा स्विच आणि साईड स्टँडचा स्विच, या दोघांमधून मिळून. म्हणजे गिअर पडलेला असेल तर क्लच दाबलेला हवा आणि स्टँड वर हवा. न्यूट्रलमध्ये सुरू होते याचा अर्थ बॅटरी, रिले (सेल्फला करंट जोडून देणारा भाग) आणि सेल्फची मोटर काम करतायत. बिघाड दुसऱ्या रस्त्यावर आहे. (काही साध्या गाड्यांत क्लच स्विच नसतोच. त्या न्यूट्रलमध्येच सुरू व्हायच्या असतात, आणि काहींची किकही गिअरबॉक्समधून फिरते म्हणून न्यूट्रल मागते. गाडी नवी असल्यापासून असंच असेल तर आधी मॅन्युअल उघडा.)

आता क्लच स्विच की साईड स्टँड स्विच, हे ओळखायला एक पैसाही लागत नाही. सपाट जागी न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा, स्टँड वर घ्या, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. इंजिन चालूच राहिलं तर साईड स्टँडचा स्विच ठीक आहे आणि संशय क्लच स्विचवर. गिअर पडताक्षणी दिव्याचं बटण बंद केल्यासारखं इंजिन गप्प झालं, तर स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतोय, म्हणजे दोष साईड स्टँडच्या स्विचमध्ये. आणि गाडीने पुढे हिसका मारून मग दम सोडला तर तो इलेक्ट्रिकचा दोषच नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये.

धक्का मारूनही हाच फरक दिसतो. क्लच स्विच गेलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्यावर सुरू होते, कारण स्विच फक्त सेल्फला अडवतो. साईड स्टँडचा स्विच गेला असेल तर इंजिनच चालू दिलं जात नाही. मग कितीही ढकला, घाम तेवढा निघतो.

क्लच न सुटणारी गाडी वेगळी ओळखू येते. सेल्फ फिरतो, पण जड फिरतो, गाडी पुढे ओढली जाते, न्यूट्रलही पटकन सापडत नाही. तिथे आधी क्लच वायर (दांड्यापासून क्लचपर्यंत जाणारी केबल) बघा. बऱ्याच गाड्यांत दांड्याच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढिलाई सांगितलेली असते. ती ३०-४० झाली असेल तर ॲडजस्टरने वायर ताणून घ्या, कित्येकदा तेवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर क्लचच्या प्लेटा बघाव्या लागतात. थंडीच्या सकाळी जाड ऑइल आणि त्यात मलूल बॅटरी असेल तर धडधाकट गाडीही गिअरमध्ये कुंथते. तिला बॅटरी हवी, स्विच नको. आणि गिअरमध्ये क्लच दाबल्यावर न्यूट्रलचा हिरवा दिवा उगाच लागत असेल तर वायरिंगमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला असू शकतो. तो इलेक्ट्रिशियनकडेच दाखवा.

माझ्या गाडीत दोष क्लच स्विचचा निघाला, आणि बहुतेक वेळा पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. दांड्याच्या मुळाशी, खालच्या बाजूला असतो, दोन वायरी, मध्ये हरभऱ्याएवढी दट्ट्या. पावसाचं पाणी आणि धूळ तिथे साचते, दट्ट्या आत अडकून बसते. काढून बघितला तर दट्ट्याभोवती ओल्या मातीचं काळं कडं जमलं होतं. काँटॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा दाबला तशी दट्ट्या हलायला लागली. मल्टीमीटर (करंटचा रस्ता जोडला गेला की बीप करणारं यंत्र) लावला तर दहापैकी चारच वेळा बीप. म्हणजे आतला पत्रा झिजलेला. (काही मॉडेलांत स्विच उलटा चालतो, दाबल्यावर बीप बंद होतो. महत्त्वाचं एवढंच, की दर वेळी बदल व्हायला हवा.) दांड्याचा बोल्ट आणि बुश झिजला असेल तर चांगल्या स्विचलाही दांडा पोचत नाही, तेही बघून घ्या.

आता तीन वाटा.

आहे तसंच चालू ठेवणं सपाट गावात परवडतं. चढावर काय होतं ते मात्र नीट डोळ्यांसमोर आणा. गाडी चांगली असेल तर डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर, क्लच दाबलेला, अंगठ्याने सेल्फ. गाडी तसूभर हलत नाही. न्यूट्रल शोधायचं तर डावा पाय गिअरवर जातो, म्हणून उजवा जमिनीवर टेकावा लागतो आणि मागचा ब्रेक सुटतो. उरतो पुढचा. चढावर वजन मागच्या चाकावर, त्यामुळे त्याची पकड कमी पडते. त्याच उजव्या हाताने ब्रेक धरायचा आणि सेल्फही दाबायचा. मागे एसटी उभी असताना मी हे केलंय. गाडी हातभर मागे गेली होती.

डायरेक्ट करणं स्वस्त आणि झटपट. दोन वायरी पिळून टेप मारला की गिअरमध्ये सुरू. पण मग क्लच न दाबताही सुरू होते. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये बंद पडली, घाईत क्लच राहिला आणि बटण दाबलं की गाडी समोरच्याच्या अंगावर उडी मारते. साईड स्टँडचा स्विच नसलेली गाडी पार्किंगमध्ये गिअरमध्ये उभी असली, चावी राहिली आणि पोराने बटण दाबलं तर तेच. शिवाय काही फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत क्लचचा सिग्नल ईसीयूकडेही (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) जातो, तिथे वायर पिळणं म्हणजे दुसरं दुखणं विकत घेणं. घाटातून घर गाठायला मी डायरेक्ट करीन, आणि दुसऱ्या दिवशी सोडवीन.

साईड स्टँडचा स्विच मात्र घर गाठायलाही डायरेक्ट करू नका. मेकॅनिक सहज म्हणतो, "काढून टाकू का, कटकट नको." नाही म्हणा. खाली राहिलेला स्टँड पहिल्या डाव्या वळणाला रस्त्याला टेकतो आणि गाडी उचलून फेकतो. तो स्विच चिखलाने भरलेला असतो. पाण्याने धुवून, स्प्रिंगला वंगण देऊन बघा, नाहीतर नवा घाला.

नवा क्लच स्विच दीड-दोनशे रुपयांच्या घरात मिळाला. बहुधा एक छोटा स्क्रू किंवा नुसती खाच असते, कपलर (वायरींचा जोड) ओढून लावायचा. घरी पंधरा मिनिटांत झालं. जुना सोबत घेऊन दुकानात जा, कारण सारखे दिसणारे स्विच पिनला वेगळे निघतात. साफ करून चाललेला जुना स्विच काही आठवडे जातो, पण पावसाळ्याच्या तोंडावर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

बसवून झालं की स्टँड वर घेऊन, पुढचा ब्रेक घट्ट धरून तीन गोष्टी तपासा. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून सेल्फ दाबा: गाडीने गप्प राहायला हवं. क्लच दाबून सेल्फ दाबा: सुरू व्हायला हवी. मग न्यूट्रलला इंजिन चालू ठेवून स्टँड खाली करा, क्लच दाबून गिअर टाका: ज्या गाडीत साईड स्टँडचा कट-ऑफ आहे तिथे इंजिन तिथल्या तिथे बंद पडायला हवं.